सुई वळली, पण कुठल्या बाजूला?

डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडच्या शोधाबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्या सांगणारे एकमेकांचं ऐकून घेत नाहीत. पहिली शाळेतली. १८२० साली कोपनहेगनमध्ये व्याख्यान चालू होतं, टेबलावर चुंबकसूची पडली होती, शेजारच्या तारेतून वीज गेली, सुई हलली आणि विद्युतचुंबकत्व सापडलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दुसरी गोष्ट अलीकडे जास्त ऐकू येते आणि तिचा आवाजही मोठा असतो. ओर्स्टेड हा कांट आणि शेलिंग हे जर्मन तत्त्वज्ञ पचवलेला माणूस, निसर्गातल्या सगळ्या शक्ती मुळात एकच आहेत असं मानणारा, म्हणून त्याला हे दिसलं. म्हणजे एकत्वाचं तत्त्वज्ञान आधी, विज्ञान मागून. आणि एकत्व तर आपल्याकडे उपनिषदांपासून आहे! त्यापुढचं वाक्य काय येतं ते वाचकाला पाठ असेल.

माझ्या मते दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि दुसरी अधिक घातक, कारण ती अर्धी खरी आहे. एकत्वावरच्या विश्वासाने ओर्स्टेडला सुईपाशी नेलं, हे नाकारता येत नाही. पण सुई कशी वळेल हे त्या विश्वासाने त्याला सांगितलं नव्हतं. जे सांगितलं होतं ते चुकीचं निघालं. श्रेय द्यायचं तर याचं द्यावं, की आपल्या अपेक्षेत न बसणारी सुई त्याने साठेक प्रयोगांतून उलटसुलट तपासली आणि जशी वळली तशी लिहिली.

आधी अपघातवाल्यांची बाजू, कारण त्यांच्याकडे एक वजनदार साक्षीदार आहे. नॉर्वेचा भूचुंबकत्वाचा अभ्यासक क्रिस्टोफर हान्स्टीन याने डिसेंबर १८५७ मध्ये मायकेल फॅरडेला पत्र लिहिलं. ओर्स्टेड नेहमी तार सुईला काटकोनात धरायचा, त्यामुळे काहीच दिसायचं नाही. एकदा व्याख्यान संपल्यावर त्याने ती समांतर धरून पाहिली आणि सुई जोरात वळलेली पाहून तो गोंधळला, असं त्यात आहे. शिवाय त्याचा हात प्रयोगाला बसलेला नव्हता, मदतनीस लागायचा, असाही शेरा आहे. हान्स्टीन ओर्स्टेडला ओळखत होता. त्याची साक्ष झटकून टाकता येत नाही. पण पत्राची तारीख बघा. शोधाला ३७ वर्षं झाली होती आणि ओर्स्टेडला जाऊन सहा. त्याउलट ओर्स्टेडचं १८१२ साली बर्लिनमध्ये छापलेलं जर्मन पुस्तक हातात आहे. विजेचा चुंबकावर काही परिणाम होतो का हे करून पाहिलं पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आठ वर्षं आधी जो माणूस प्रश्न छापून ठेवतो त्याला उत्तर ‘चुकून’ सापडलं म्हणायचं, तर मग ठरवून शोधणं म्हणजे काय असतं?

तयार मनालाच योगायोग साथ देतो, हे लुई पाश्चरचं वाक्य आपल्याकडे भाषणांत इतकं वापरलं जातं की ते गुळगुळीत झालं आहे. ते वाक्य तो १८५४ मध्ये लीलच्या विज्ञान शाखेच्या उद्घाटनाला बोलला, आणि नेमकं ओर्स्टेडच्याच सुईबद्दल बोलला. आज ते उद्धृत करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं?

अपघाताची गोष्ट का टिकत नाही हे पुस्तकापेक्षा टेबलावर लवकर कळतं. साधी चुंबकसूची घ्या, ती उत्तर-दक्षिण स्थिरावू द्या. आता तिच्यावर सेंटीमीटरभर उंचीवर तांब्याची तार पूर्व-पश्चिम, म्हणजे सुईला आडवी धरा आणि दीड व्होल्टच्या सेलला दोन-तीन सेकंद जोडा. (जास्त वेळ नको, तार आणि सेल दोन्ही तापतात. मोबाइलची लिथियम बॅटरी तर अजिबात नको.) सुई जागची हलत नाही. कारण आडव्या तारेचं चुंबकीय क्षेत्र सुईच्या ठिकाणी उत्तर-दक्षिणच असतं; ते पृथ्वीच्या क्षेत्रात मिळतं किंवा त्यातून वजा होतं, सुईला बाजूला ढकलत नाही. धारा उलटी आणि पुरेशी मोठी असेल तर सुई एकदम तोंड फिरवते, एरवी ढिम्म. आता तीच तार सुईला समांतर धरा. धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे असेल तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेकडे वळतं. तार सुईखाली नेली की पूर्वेकडे. ‘स्नो’ (साउथ-नॉर्थ-ओव्हर-वेस्ट) नावाने विद्यार्थी जो नियम पाठ करतात तो हाच. दोन अँपिअर धारा एक सेंटीमीटरवर सुमारे ४० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्र देते. अलिबागला पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणून तिथे सुई साधारण ४५ अंशांत थांबेल. कोपनहेगनमध्ये तो घटक आज १७ च्या आसपास आहे, तिथे तीच धारा सुईला ६५ अंशांच्या पुढे नेईल. शाळेत प्रयोग ‘होत नाही’ तेव्हा कारण बहुतेक वेळा यांतलंच एक असतं: तार आडवी धरलेली, सेल संपत आलेला, टेबलाला लोखंडी चौकट, किंवा शेजारी कुणाचा तरी मोबाइल, ज्याच्या स्पीकरमधला चुंबक सुईला आधीच ओढून बसलाय.

म्हणजे परिणाम दिसायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: बंद मंडल, पुरेशी धारा आणि तारेची योग्य दिशा. व्होल्टाची विद्युतघटमाला, म्हणजे पहिली बॅटरी, १८०० पासून युरोपभर प्रयोगशाळांत होती. चुंबकसूची तर प्रत्येक जहाजावर. तरी वीस वर्षं गेली. अपघाताने व्हायचं असतं तर वीस वर्षांत शंभर वेळा झालं असतं. १८०२ मध्ये त्रेंतोच्या एका वृत्तपत्रात रोमान्योसी या इटालियन कायदेपंडिताने घटमाला आणि सुई यांचा प्रयोग छापला होता. पण त्याच्या वर्णनात बंद मंडल दिसत नाही, आणि ती सुई बहुधा स्थिर विजेच्या साध्या आकर्षणाने हलली. पॅरिसमध्ये आशेत आणि देसोर्म यांनी १८०५ मध्ये अख्खी घटमाला लाकडी होडीवर आडवी ठेवून पाण्यात सोडली, ती होकायंत्रासारखी उत्तरेकडे तोंड करते का हे बघायला. नाही केलं. करणार कशी? मालेची दोन टोकं मोकळीच होती. धारा वाहतच नव्हती. कल्पना वाईट नव्हती, आकृती अपुरी होती.

आता दुसरी बाजू, आणि तिचा सर्वांत भक्कम मुद्दा मी आधीच देऊन टाकतो. पॅरिसचे गणिती भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेडपेक्षा सर्व बाबतींत सरस होते. मापनात, गणितात, उपकरणांत. तरी त्यांच्या हातून हे निसटलं, आणि का निसटलं ते त्यांच्यापैकीच एकाने सांगून ठेवलंय. कूलोंबने वीज आणि चुंबकत्व हे दोन वेगळे द्रव मानले, त्यांच्यात परस्परक्रिया असूच शकत नाही असं त्याचं मत होतं, आणि हे मत पुढे सिद्ध वस्तुस्थितीसारखं धरलं गेलं. आंद्रे-मारी आँपेअरने १८२१ च्या एका पत्रात नेमकी हीच कबुली दिली आहे. त्याला ती द्यावीच लागली असती, कारण १८०२ साली खुद्द त्यानेच हे दोन द्रव स्वतंत्र आहेत असं दाखवून देण्याची घोषणा केली होती. म्हणजे ‘आम्हाला तत्त्वज्ञान नको, फक्त मोजमाप’ असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यातही एक तत्त्वज्ञान बसलेलं होतंच. फक्त ते न तपासलेलं होतं. वीज पडून पोलादी सुऱ्या चुंबकित झाल्याची नोंद १७३५ पासून होती, फ्रँकलिनने लायडन बरणीने, म्हणजे स्थिर वीज साठवणाऱ्या बरणीने, सुया चुंबकित केल्या होत्या. माहिती समोर असून ती माहिती वाटत नव्हती. एकत्वाच्या बाजूने याहून चांगला पुरावा मिळणं कठीण, आणि तो मी मान्य करतो.

पण मग योहान विल्हेल्म रिटरचं काय करायचं? एकत्वाची गोष्ट सांगणारे त्याचं नाव घेत नाहीत, आणि घेतलं तर अर्धं घेतात. रिटर ओर्स्टेडचा मित्र; १८०१ मध्ये जर्मनीच्या दौऱ्यावर असताना ओळख झाली आणि ओर्स्टेड त्याच्यावर लुब्ध झाला. तत्त्वज्ञान तेच: निसर्गात सर्वत्र दोन ध्रुवांची जोडी आणि त्यामागे एकच शक्ती. हर्शेलने १८०० मध्ये तांबड्या रंगापलीकडे उष्णता दाखवली, तेव्हा रिटरने विचार केला की ध्रुव असेल तर दुसऱ्या टोकालाही काही हवं. जांभळ्यापलीकडे सिल्व्हर क्लोराइड ठेवलं, ते काळवंडलं, आणि अतिनील किरण सापडले. झकास. त्याच न्यायाने त्याने पृथ्वीला चुंबकीय ध्रुवांसारखेच विद्युत ध्रुवही असणार असं ठरवलं आणि ते मिळाल्याचं जाहीर केलं. पुढे म्युनिचला तो काठीने जमिनीखालचं पाणी नि धातू शोधणाऱ्या एका इटालियन माणसाच्या नादी लागला; त्यातही त्याला तीच वैश्विक शक्ती दिसत होती. १८१० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो हलाखीत गेला. एकाच श्रद्धेने एक अतिनील किरण दिले आणि बाकीचं दिवाळं काढलं. जिंकलेला एक डाव दाखवून डावच शहाणपणाचा होता म्हणायचं, आणि हरलेले मोजायचेच नाहीत, हा कुठला हिशेब?

ओर्स्टेड स्वतःही या हरलेल्या डावांत होता. पेस्टच्या (आजचं बुडापेस्ट) विंटर्ल या रसायनज्ञाने ‘अँड्रोनिया’ नावाचं आम्लतेचं मूलतत्त्व कल्पिलं होतं. तरुण ओर्स्टेड त्याचा प्रचारक बनला आणि पॅरिसमध्ये त्याचं हसं झालं. १८०३ मध्ये त्याने तिथल्या विद्वानांसमोर रिटरची घटमाला, म्हणजे आजच्या संचायक घटाची पूर्वज, मांडली. ते उपकरण चालत होतं. नेपोलियनने ठेवलेलं पारितोषिक मिळण्याची आशा होती. पण सोबत रिटरचा पृथ्वीच्या विद्युत ध्रुवांचा दावाही होता, त्याला तपासणाऱ्यांना काही आधार सापडला नाही, आणि सगळंच बारगळलं. चांगल्या उपकरणाला एका न तपासलेल्या सिद्धान्ताने बुडवलं. पॅरिसवाल्यांचं ते हसणं ओर्स्टेडच्या फार उपयोगी पडलं असं मला वाटतं. त्याचं पुढचं लिखाण बघा: १८१९ मध्ये काळ्या मिरीतून पायपेरीन वेगळं केलं, १८२२ मध्ये पाणी किती दाबलं जातं ते मोजलं, १८२५ मध्ये अशुद्ध का होईना पण ॲल्युमिनियम धातू मिळवला. हा हवेत तरंगणाऱ्याचा क्रम नाही.

१८२० च्या वसंतातल्या व्याख्यानाकडे आता नीट पाहता येतं. त्याची अपेक्षा काय होती ते त्याने पुढे स्वतः लिहिलंय: तारेतून वीज जाताना उष्णता आणि प्रकाश चारी बाजूंना फेकले जातात, तसंच चुंबकत्वही फेकलं जात असेल. म्हणून त्याने प्लॅटिनमची बारीक तार घेतली, लाल होऊन चमकेल अशी. एकत्वाच्या तत्त्वज्ञानाचा हा थेट हुकूम होता, आणि तोच चुकीचा. बारीक तारेचा रोध जास्त, म्हणून धारा कमी, म्हणून सुई जेमतेम थरथरली. श्रोत्यांवर काही छाप पडली नाही, आणि ओर्स्टेडनेही पुढचे तीनेक महिने हात लावला नाही. तार चमकण्याचा चुंबकत्वाशी संबंध नव्हता. जाड तारेत चमक शून्य आणि परिणाम मोठा. हे जुलैत उमगलं.

जुलैचं काम पाहावं असं आहे. वीस तांब्याचे चौकोनी हौद, प्रत्येक बारा इंच लांब नि बारा इंच उंच, रुंदी अडीच इंचांपेक्षा किंचित जास्त. प्रत्येकात दहा इंची चौरस जस्ताचा पत्रा, शेजारच्या हौदाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर टेकलेल्या दांडीला लटकवलेला. पाण्यात वजनाच्या साठाव्या हिश्श्याइतकं गंधकाम्ल आणि तेवढंच नायट्रिक आम्ल. तार सुईपासून पाऊण इंचाच्या आत असताना सुई सुमारे ४५ अंश वळली. आजच्या आकड्यांनी हिशेब केला तर तारेतून दोनेक अँपिअर जात असावेत. मग त्याने एकेक शंका फेडली. तार बदलली: प्लॅटिनम, सोनं, चांदी, पितळ, लोखंड, शिशाची पट्टी, पाराही. परिणाम तोच. मध्ये अडथळे घातले: काच, धातू, लाकूड, पाणी, राळ, मातीचं भांडं, दगड. परिणाम थांबला नाही, म्हणजे हे साधं विजेचं आकर्षण नव्हे. सुई बदलली: पितळेची, काचेची, लाखेची. हलली नाही, म्हणजे हवेचा झोतही नव्हे. तार वर धरली तर एका बाजूला, खाली धरली तर विरुद्ध बाजूला. सरळ ओढणारं किंवा ढकलणारं बल असं वागूच शकत नाही. त्याने निष्कर्ष काढला की तारेभोवती जे काही चाललंय ते वर्तुळाकार फिरतंय. न्यूटनपासून कूलोंबपर्यंत सगळी बलं दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेवर चालत आली होती. हे पहिलं वळणारं बल. कांटने ते सांगितलं नव्हतं, शेलिंगने नाही, रिटरने नाही, आणि उपनिषदांतही नाही.

२१ जुलै १८२० च्या तारखेने चार पानं लॅटिनमध्ये छापून युरोपभर रवाना झाली. लॅटिन का? हा माणूस मातृभाषेचा कैवारी. ऑक्सिजनला ‘इल्ट’ आणि हायड्रोजनला ‘ब्रिंट’ हे त्याने घडवलेले डॅनिश शब्द तिथे आजही चालतात. पण इथे प्रश्न असा होता की बर्लिन, जिनिव्हा, लंडन, पॅरिस इथल्या लोकांनी उद्याच तार लावून बघावी. पॅरिसमध्ये बातमी आली तेव्हा तिथल्या द्यूलाँगने स्वीडनच्या रसायनज्ञ बर्झेलियसला कळवल्याप्रमाणे पहिली प्रतिक्रिया होती, की हे आणखी एक जर्मन स्वप्नरंजन. मग आरागोने ११ सप्टेंबरला अकादमीसमोर प्रयोग करून दाखवला आणि १८ तारखेला आँपेअर आपला पहिला निबंध घेऊन उभा राहिला. एका आठवड्यात! ते ओर्स्टेडच्या तत्त्वज्ञानाला वश झाले नव्हते. तत्त्वज्ञानाचा भाग फॅरडेला तर कळलाच नाही. ओर्स्टेडची उपपत्ती आपल्याला नीटशी समजत नाही असं त्याने १८२१ मध्ये छापून टाकलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. जे हस्तांतरित झालं ते पत्र्यांची मापं, आम्लाचं प्रमाण, तारेची दिशा आणि कोन.

यावर एकत्ववाले म्हणतील की प्रेरणा तरी तिथूनच आली ना? आली. मी वर कबूल केलंच आहे. पण आपल्याकडे जेव्हा ‘हे सर्व आमच्या दर्शनात होतं’ असं म्हटलं जातं, तेव्हा नेमका ओर्स्टेडने केलेला भाग गाळला जातो. अद्वैत हे मोठं दर्शन आहे, पण ते सुईबद्दल बोलतच नाही, आणि त्याने बोलावं अशी मागणी करणं हा त्याचाच अपमान. दर्शनातून विज्ञान निघालं असं म्हणायचं असेल तर त्यातून एक तरी असं विधान काढून दाखवा, जे चुकू शकतं आणि कशाने चुकलं ते तपासता येतं. रिटरने काढलं होतं, ते चुकलं. ओर्स्टेडने काढलं, तेही मुळात चुकलं, आणि त्याने ते दुरुस्त केलं. ‘सर्व काही एकच आहे’ एवढ्यावर थांबणाऱ्याला कधी चुकावंच लागत नाही.

महाराष्ट्राचा या चार पानांशी थेट संबंध आला तो दर्शनातून नव्हे, ट्राममधून. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाची मोजणी चालू होती. मुंबईच्या ट्रामची घोडी सोडून तिला वीज जोडायचं ठरलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला: रुळांतून नि तारांतून जाणारी धारा वेधशाळेच्या सुया हलवणार. म्हणून ही मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला हलवली गेली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि नव्या आकड्यांचा जुन्यांशी मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. नानाभाई मूस त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते. सुया वळून नोंदी बिघडण्याची वाट न पाहता आधीच जागा बदलली, याचं कारण तार आणि सुई यांचं नातं आता आकड्यांत सांगता येत होतं.

आणि मोजमापवाल्यांनाही एक उदाहरण, म्हणजे तराजू एकीकडे झुकायला नको. एकत्वावर ओर्स्टेडइतकाच विश्वास फॅरडेचा होता. वीज आणि चुंबकत्व जोडलं, १८४५ मध्ये चुंबकत्व आणि प्रकाश जोडला, मग राहिलं गुरुत्वाकर्षण. १८४९ मध्ये त्याने तारेच्या कुंडलाला गॅल्व्हानोमापी (बारीकशी धाराही सुईने दाखवणारं उपकरण) जोडून त्यातून जड वस्तू खाली सोडल्या, धारा उपजते का ते पाहिलं. सुई हलली तेव्हा दर वेळी कुठलं तरी साधं कारण सापडलं, आणि ती कारणं काढून टाकल्यावर ती हललीच नाही. नातं आहे ही आपली भावना त्यामुळे डळमळत नाही, पण पुरावा मात्र काही मिळाला नाही, असं त्याने लिहिलं आणि १८५० मध्ये तो निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचायला पाठवला.